पोचल्याचा फोन

१

माझी खोड सगळ्या आलापल्लीला माहीत आहे. लग्नाला गेलो तर आधी मांडव किती फुटांचा ते बघतो, मग नवरा-नवरी. बत्तीस वर्षं वनखात्यात मोजणीचं काम केलं, लोखंडी साखळी ओढत सागाच्या जंगलाच्या हद्दी आखल्या. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी विचारलं, काय हवं? मी म्हटलं, ती जुनी साखळी द्या. हार-नारळाबरोबर तीही दिली. ती आता मुलीच्या खोलीत खिळ्यावर टांगलेली असते आणि पंखा लागला की किणकिणते.

त्यामुळे दिव्यानीला क्वालालंपूरला नोकरी लागली, तेव्हा तिची आई रडली आणि मी अंतर काढलं. हैदराबादहून सरळ रेषेत तीन हजार दहा किलोमीटर. विमानाला चार तास दहा मिनिटं. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवलं: विमान सकाळी दहा पंचवीसला सुटणार, आपल्या दोन पस्तीसला उतरणार, तिथे तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून पाच झालेले असणार.

"हे लिहून का होते?" सत्यशीला म्हणाली. सत्यशीला म्हणजे माझी बायको. "पोरगी त्यानं जवळ येते का? मी म्हणून राह्यली होती, गडचिरोलीत पाहा, चंद्रपुरात पाहा. माह्यं कोण आयकते?"

दिव्यानी एकुलती एक. तिच्या आईनं तिला नागपूरच्या कॉलेजला पाठवतानाही आठवडाभर धड जेवण केलं नव्हतं.

मार्चचा शेवट होता. संध्याकाळी पाचला ती निघाली, सिरोंच्यावरून हैदराबादला जाणाऱ्या बससाठी. नवे पांढरे बूट घातले होते. दारापासून फाटकापर्यंत तिची पावलं कोरड्या अंगणात स्पष्ट उमटली. मी सवयीनं मोजली. तेवीस.

सत्यशीलानं खराटा उचलून न्हाणीमागे ठेवून दिला. घरचं माणूस प्रवासाला गेलं की ते पोचेपर्यंत घर-अंगण झाडायचं नाही, ही तिच्या माहेरची रीत. पोचल्याचा फोन आला की मगच झाडू. तिच्या बाकीच्या रीतींची मी थट्टा करतो, हिची कधी केली नाही. कारण आमच्या मोजणीत तसंच असतं. पुढचा गडी साखळीचं टोक घेऊन जातो, मागचा खुंटीपाशी उभा राहतो. पुढच्यानं आपली खुंटी ठोकून हाक दिली, की मगच मागच्यानं आपली उपसायची. आधी उपसली तर पुढचा कुठून किती आला हे पुन्हा सांगता येत नाही.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिचा फोन आला. "बाबा, विमानात बसली. आता मोबाईल बंद करतो. आईले सांगजा, पोचली की तिलेच पहिले फोन लावतो."

मी घरापुढच्या छपरीत खुर्ची टाकली. विमान कुठवर आलं ते दाखवणारं ॲप दिव्यानीनंच मोबाईलमध्ये टाकून दिलं होतं. निळ्या समुद्रावर पिवळं विमान मुंगीच्या चालीनं सरकत होतं. मी दर दहा मिनिटांनी अंतर टिपत होतो. खरं सांगायचं तर मी मजेत होतो.

बारा वाजून पाच मिनिटांनी आत सत्यशीलाचा फोन वाजला.

"हो बाई! हो! पोचली का? देवा मार्कंडा, पावला!" ती डोळे पुसत बाहेर आली. "पोचली म्हणते. सुखरूप पोचली."

"कोण पोचली?"

"कोण म्हणजे? दिव्यानी!"

एक तास चाळीस मिनिटं झाली होती. मी मोबाईलकडे पाहिलं. विमान अंदमानच्याही अलीकडे होतं, खाली नुसतं पाणी. दुसरीच कोणी असेल, पुन्हा विचार, असं म्हणायला मी वर पाहिलं तर ती खराटा घेऊन अंगणात उतरली होती.

"थांब!" मी ओरडलो. "अजून नाही पोचली ती! हिशेब बसत नाही!"

"तुमचं मोजणं राहू द्या एक दिवस," ती म्हणाली आणि झाडत राहिली. मी चपला शोधून खाली उतरेपर्यंत ती फाटकापाशी गेली होती. तेवीसच्या तेवीस पावलं गेली. अंगणावर फक्त खराट्याचे ओरखडे राहिले.

३

मी खुर्चीत येऊन बसलो आणि डोकं थंड ठेवायचा प्रयत्न केला. विमान मध्येच कुठे उतरवलं असेल. ॲप चुकत असेल. पण मला खरा संशय आला तो पोरीचाच. ती विमानात बसलीच नसेल तर? दोन वर्षांपूर्वी परीक्षा आहे सांगून ती नागपूरहून मैत्रिणीच्या लग्नाला चंद्रपूरकडच्या मूल गावी गेली होती, आणि मेंदी दिसू नये म्हणून आठ दिवस माझ्यासमोर हात मागे धरून वावरली होती. क्वालालंपूरचं नाव सांगून हैदराबादलाच कोणाकडे राहिली असेल तर?

असं मनात आल्यावर बाप गप्प बसत नाही. मी माझ्या फोनवरून तिचा नंबर लावला. विमानात असती तर लागायला नको होता. एका रिंगमध्ये उचलला.

"बाबा."

आवाज तिचाच. तसूभर फरक नाही.

"पोचली का?"

"पोचली बाबा."

"विमान कसं होतं? खिडकी भेटली का?"

"पोचली बाबा."

"तिथी किती वाजले आता?"

"बारा वाजून अठरा."

माझ्या भिंतीवरच्या घड्याळात बारा अठराच झाले होते. तिथे दोन अठ्ठेचाळीस व्हायला हवे होते. पकडली, असं मला वाटलं, आणि थोडा आनंदही झाला. चोर सापडला की होतो तसा.

"खोटं काऊन बोलून राह्यली? कुठी हायेस तू?"

उत्तराऐवजी फोनमधून मागचा आवाज आला. बारीक, लोखंडी, लागोपाठ. किण, किण, किण.

तो आवाज मी बत्तीस वर्षं खांद्यावर वाहिला आहे. दुसऱ्या कशाचा म्हणून मला तो ऐकूच येणार नाही.

"तुया मांगं कायचा आवाज येऊन राह्यला?"

"वारा हाये बाबा," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी उठून दिव्यानीच्या खोलीत गेलो. खोली रिकामी होती, अंथरूण तिनं काल घडी करून ठेवलं तसंच. खिडकी लावलेली. पंखा बंद. खिळ्यावर साखळी होती आणि ती हलत होती. मी हात लावून थांबवली. हाताला कड्या गार लागायच्या त्या कोमट लागल्या. उन्हाळा आहे, असं मी स्वतःला सांगितलं आणि दार ओढून घेतलं.

४

एकच्या सुमाराला पोचू आला. पोचू माझा साखळीवरचा गडी, कायम पुढचं टोक धरणारा. आता गावी असतो, पण मोहाच्या दिवसांत टोपलंभर मोहफुलं घेऊन एकदा तरी येतोच, आणि सत्यशीला त्याला तांदूळ देते. दिव्यानीचं जाणं आणि सत्यशीलाची झाडण्याची रीत, दोन्ही त्याला ठाऊक. तो फाटक उघडून सरळ छपरीत येऊन बसणारा माणूस. त्या दिवशी फाटकाबाहेरच उभा राहिला.

"ये ना पोचू."

"पोट्टी वापस आली का साहेब?"

"नाही रे. ती विमानात आहे."

त्यानं टोपलं खाली ठेवलं आणि हनुवटीनं अंगणाकडे दाखवलं. मी पायऱ्या उतरून बघितलं.

झाडलेल्या अंगणात, खराट्याच्या ओरखड्यांवर, पावलं होती. नव्या बुटांची, तळव्याला वेडीवाकडी नक्षी असलेली. काल मी मोजली तीच. फक्त काल ती फाटकाकडे गेली होती आणि ही दाराकडे आली होती. मी सारा वेळ छपरीत होतो. उठलो तो एकदाच, साखळी बघायला.

मी खिशातला टेप काढला. भीती वाटली की मी मोजतो, काय करणार? एका पावलापासून दुसरं एकसष्ट सेंटिमीटर. तिसरं एकसष्ट. चौथं एकसष्ट. मी वाकून वाकून सगळी मोजली. दिव्यानीची चाल अशी, अर्ध्या बोटाचाही फरक न पडणारी, कधीच नव्हती. कोणाचीच नसते. माणूस चालतो तेव्हा एक पाऊल लांब पडतं, एक आखूड. मोजणीच्या धंद्यात पावलांवर विश्वास ठेवत नाहीत तो त्याचसाठी. ही पावलं साखळीच्या कड्यांइतकी सारखी होती. तेवीसच होती आणि शेवटचं उंबऱ्याला लागून होतं.

परत जाणारं एकही नव्हतं.

"साहेब," पोचू फाटकाबाहेरूनच म्हणाला, "पुढच्यानं हाक देल्ली होती का?"

"काय?"

"खुंटी उपसली ना तुमी. हाक कोणं देल्ली?"

मी टेप गुंडाळत राहिलो. उत्तर दिलं असतं तर मला ते ऐकावं लागलं असतं. त्यानं टोपलं तिथेच सोडलं, तांदूळही मागितले नाहीत, आणि फाटकाला पाठ न करता चार पावलं मागे सरकून मग वळला. पण गेला नाही. रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली जाऊन बसला.

५

दोन वाजले तरी सत्यशीला जेवायला वाढत नव्हती म्हणून मी आत हाक मारली. ओ आली नाही. दिव्यानीच्या खोलीतून तिच्या बोलण्याचा आवाज येत होता. लाडानं बोलत होती, दिव्यानी लहान असताना बोलायची तसं.

"आता कुठी नाई जायचं. समजलं ना? इथीच राह्यचं आईपाशी."

"इथीच," दुसरा आवाज म्हणाला.

फोनवर बोलत असेल, असं मी मनाला सांगितलं. माणूस स्वतःला किती लवकर पटवतो याची मला तेव्हा मौज वाटली नाही, आता वाटते. कारण त्याच वेळी मला छपरीतल्या कोनाड्यात सत्यशीलाचा फोन दिसला. चार्जिंगला लावलेला. आत तिच्या हातात फोन नव्हता.

मी दारापर्यंत गेलो नाही. लाज वाटते सांगायला, पण नाही गेलो. खुर्चीत बसून मोबाईलवरच्या पिवळ्या विमानाकडे बघत राहिलो. ते जमिनीपाशी आलं होतं. दोन एकतीस. दोन तेहेतीस. दोन पस्तीस. उतरलं. एका मिनिटाचाही फरक नाही.

दोन बेचाळीसला कोनाड्यातला फोन वाजला. पडद्यावर नाव: दिव्यानी.

"आई?"

"मी आहे," मी म्हणालो.

"बाबा! उतरली मी आत्ताच. लयच मोठं विमानतळ हाये हो! आपलं अख्खं आलापल्ली बसते यात." मागे गर्दीचा गलका होता, चाकांच्या बॅगांचा खडखडाट, कोणीतरी परक्या भाषेत सूचना देत होतं. "खिडकी नाई भेटली. बाजूले एक बुढी होती, चारही तास माह्या खांद्यावर झोपली. तुमी जेवले का?"

"तिथे किती वाजले?" मी घड्याळाकडे बघत विचारलं.

"थांबा पाहतो. पाच बारा. काऊन?"

पाच बारा. बरोबर. मला रडू फुटलं. पोरीचा किती संशय घेतला होता मी, आणि ती बिचारी कोणाच्या तरी आजीला खांद्यावर झोपू देत समुद्रावरून चालली होती.

"बाबा, रडून राह्यले का? आईले द्या ना फोन. तिले म्हणा, पोचली मी. आता झाडू मारा म्हणा खुशाल."

मी मागे वळलो. सत्यशीला खोलीच्या दारात उभी होती. दार अर्धं उघडं होतं. तिनं हात पुढे केला आणि मी फोन दिला.

"आई! आई, आयकून राह्यली का?"

फोनमधला आवाज मलाही ऐकू येत होता. सत्यशीलानं डोळे मिटले. तिनं ओळखला होता. हे मी शपथेवर सांगतो, कारण आईला कळलं की तिच्या तोंडावर काय दिसतं ते मी चोवीस वर्षं पाहिलं आहे. डोळ्यांतून पाणी घरंगळलं. ते तसंच राहू देऊन ती शांतपणे म्हणाली,

"राँग नंबर हाये बाई. माही पोरगी घरी पोचली."

आणि फोन बंद केला.

तिच्या कमरेजवळून मला खोलीचा तेवढाच तुकडा दिसला. पलंगाची कड. तिच्याखाली पांढरे बूट, जोडून ठेवलेले. बुटांत पाय होते. आणि बुटांशेजारी साखळी वरून खाली उतरत होती, एक कडी, थांबून दुसरी कडी, मोजणारा माणूस बोटांतून सोडतो तशी.

"दिव्यानीची आई," मी म्हणालो, "ते आपलं नाही."

"जवळ हाये ते सोडून दूरचं कवटाळू का?" ती म्हणाली. "तुमाले मोजाले बरं वाटते. मले नाई वाटत." मग तिनं दार लावून घेतलं.

६

आज दिवाळीला चार दिवस आहेत.

या सात महिन्यांत मी खोलीच्या दाराकडे पाठ करून जेवायला शिकलो. सत्यशीला दोन ताटं आत नेते, दोन्ही रिकामी आणते. शेजारणींना सांगते, पोरगी वापस आली, तबेत बरी नाही. ती आनंदात आहे. वजन वाढलं आहे तिचं. मला ते बघवत नाही आणि तिला सोडून जाववतही नाही.

दिव्यानीशी मी बाहेर जाऊन बोलतो, हल्ली रोज येणाऱ्या पोचूबरोबर चिंचेखाली बसून. तिची आई तिचा फोन घेत नाही. मी कारणं सांगतो, कान गेले, फोन बिघडला, रागावली आहे. "मग मी येतो ना बाबा," ती म्हणते. मी म्हणतो, नको बेटा, सुट्टी वाया घालवू नको, तिकडेच फिर. गेल्या महिन्यात ती रडली. "मी काय केलं असं, की तुमाले मी घरी नको?" आवाज येत नाही म्हणत मी फोन ठेवला.

आज सकाळी तिचा निरोप आला. न सांगता तिकीट काढलं. विमान सुटायच्या आधी पाठवलेला फोटो, या वेळी खिडकी मिळाली म्हणून हसते आहे. मी अंतर काढलं नाही. ते पाठ आहे. तीन हजार दहा किलोमीटर, चार तास दहा मिनिटं, पुढे सिरोंच्यापर्यंत बस.

पोचू दुपारच्या गाडीचं बघायला गेला आहे. आम्ही दोघं सिरोंच्याला जाणार, नदीच्या पुलाअलीकडेच तिला बसमधून उतरवणार, आणि मी तिला सगळं सांगणार. ती विश्वास ठेवणार नाही. तरी तिथूनच परत पाठवणार. पायांत पडेन, पण पाठवीन. हे अंगण तिनं ओलांडायचं नाही, बस.

पिशवी भरून मी छपरीत बसलो आहे. मोबाईलवर पिवळं विमान आहे. या वेळी नाक आपल्याकडे. अंदमान मागे पडलं.

मघाशी सत्यशीला न्हाणीमागे गेली आणि खराटा घेऊन आली. तो तिनं दाराशी टेकवून ठेवला. माझ्या भरलेल्या पिशवीकडे पाहिलं. पोरगी वाटेत असताना झाडायचं नाही; मी उठून तो पिशवीखाली घातला. तिनं तेही पाहिलं.

आता खोलीच्या दारामागून साखळीचा आवाज येतो आहे. थांबला. सात महिन्यांत आतली ती माझ्याशी एकदाही बोलली नव्हती.

"बाबा," ती म्हणाली. आवाज अगदी दाराला लागून. "ते कुठपावेतो आली?"

बत्तीस वर्षांत मी कोणाला चुकीचं अंतर सांगितलं नाही. साहेबांना नाही, ठेकेदाराला नाही, पैसे पुढे करणाऱ्यालाही नाही.

"निघालीच नाही," मी म्हणालो. "तिकडेच आहे."

आत साखळी पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जलद, आणि सत्यशीला माझा मोबाईल बघायला शेजारी येऊन उभी राहिली.